शनिवारवाड्यात पोरं कंटाळली? उत्तम झालं!

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. आम्ही वारज्यात राहतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७, दोन वर्षं झाली दोघंही घरीच शिकतायत. आमच्यासारखी होमस्कूलिंगवाली सहा कुटुंबं मिळून महिन्यातून एक इतिहासाची सहल काढायचं ठरवलं. पहिली शनिवारवाडा आणि लाल महाल. मोठी-छोटी मिळून २२ जण, गाईड घेतला, वर्कशीटं छापून नेली. तासाभरात पोरं कारंज्याभोवती पकडापकडी खेळायला लागली, गाईडने भुताची गोष्ट सांगितली म्हणून धाकटी त्या रात्री झोपली नाही, आणि लाल महालाची आत्ताची इमारत नवी आहे कळल्यावर मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, मग आपण फेक बघायला आलो का? त्यात आता ग्रुपवर भांडण सुरू झालंय की पुढची सहल पेशव्यांच्या ठिकाणांची की फुलेवाड्याची, दोघी आया एकमेकींशी बोलत नाहीयेत. आणि सासूबाई (७४ वर्षांच्या, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या) रोज ऐकवतात की शाळेत घातलं असतंत तर बाईंनीच नेलं असतं सगळीकडे. प्लीज ठिकाणांची एक चांगली यादी द्या, वयानुसार आणि क्रमाने. — दमलेली आई"

अगं दमलेल्या आई, यादी मागितलीस तिथंच सगळी गडबड आहे. यादी काय कुणीही देईल गं, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, केळकर म्युझियम, पर्वती, आगाखान पॅलेस, शिंदे छत्री, झाली सहा महिन्यांची सोय. आणि सहाव्या महिन्यात तुझा मुलगा सांगेल की इतिहास म्हणजे उन्हात उभं राहून पाटी वाचायची आणि मग भेळ खायची. मला कसं माहीत? कारण मी हे केलंय. माझी लेक घरी शिकत होती तेव्हा आम्ही १४ पोरं एका टेम्पो ट्रॅव्हलरमधे कोंबून एका दिवसात पाच ठिकाणं "केली" होती (हो, तेव्हा आम्ही असंच म्हणायचो, केली). संध्याकाळी गोल करून बसवलं आणि विचारलं, आज सगळ्यात काय आवडलं? एकमताने उत्तर आलं, टेम्पो ट्रॅव्हलर.

त्यानंतर मी ठिकाण ठरवून निघणं बंद केलं आणि एक धागा पकडून निघायला लागले. धागा म्हणजे असा एखादा साधा प्रश्न ज्याचं उत्तर एका जागी मिळत नाही, त्यासाठी गावभर हिंडावं लागतं, थोडं वाचावं लागतं, थोडं कुणाला तरी विचारावं लागतं. पुण्यासाठी माझा सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे "पाणी कुठून यायचं?" तुला तोच देते, तुमच्या ग्रुपला निदान चार महिने पुरेल, आणि ते भांडणही त्यातच मिटायची शक्यता आहे, कसं ते पुढे सांगते.

सुरुवात घरातून कर. मुलाला विचार आपल्या नळाला पाणी कुठून येतं. तो टाकी म्हणेल. टाकीत कुठून? वारज्यातल्या पोराला खडकवासला तर माहीतच असणार, रविवारी कणीस खायला जाता की तुम्ही. मग पुढचा प्रश्न, खडकवासला धरण १८७९ साली पूर्ण झालं, त्याच्या आधी पुणं काय पीत होतं? नदी, विहिरी, आड, बरोबर. आणि कात्रज. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७५० च्या आसपास, कात्रजच्या ओढ्याला बांध घालून तलाव केला आणि तिथून जमिनीखालून दगडी नळ थेट शहरात आणला, आठ-दहा किलोमीटर. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. मधे मधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवलेले, आणि गाळ खाली बसावा आणि वरचं पाणी पुढे जावं अशीही सोय केलेली. हे पोरांना भाषणात सांगितलंस तर कुणी ऐकणार नाही. जिन्यात वरच्या पायरीवर एक बादली ठेव, दहा पायऱ्या खाली दुसरी, मधे बागेचा पाईप, आणि सांग की पाण्याला हात न लावता खाली न्या. ओल्या जिन्यावरून सोसायटीवाले बोलतील, बोलू देत. ज्या पोराने स्वतः पाईपचा उतार जमवताना दोनदा पाणी सांडलंय त्याला कात्रजच्या तलावाकाठी उभं केलंस ना की तो स्वतःच विचारतो, अरे पण मधे टेकाड आलं तर त्यांनी काय केलं?

म्हणजे पहिली सहल कात्रजचा तलाव, एवढंच, त्या दिवशी दुसरं काही नाही. बांध बघा, तलावातून पाणी कुठल्या दिशेला गेलं असेल ते नुसतं बोट दाखवून ठरवा, कुणीतरी चित्र काढेल कुणीतरी चिप्स खाईल, चालतं. नळात किंवा उच्छ्वासात उतरण्याचा आचरटपणा मात्र करायचा नाही, इंटरनेटवर लोकांचे व्हिडिओ असतात तसले, तुमच्यातला एखादा उत्साही बाबा सुचवेल, त्याला वेळीच थांबव.

दुसरी सहल हौदांची. कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात तर गेलंच पण पेठांमधल्या हौदांमधेही यायचं आणि तिथून लोक भरायचे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, ही नावं पत्ते सांगताना पुणेकर आजही वापरतात, रिक्षावाल्याला सांगा तो बरोबर नेतो, पण हौद कुठाय विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ही शोधाशोध पोरांना जाम आवडते कारण उत्तर आपल्यालाही माहीत नसतं आणि ते त्यांना कळतं. दुकानदारांना विचारायला पोरांनाच पाठव. एखादे आजोबा भेटतात आणि अर्धा तास सोडत नाहीत, ती खरी सहल. जाताना मेट्रोने जा, मंडई स्टेशनला उतरा, जमिनीखालून नळ कसा नेला असेल हा विषय जमिनीखालच्या गाडीत बसून आपोआप निघतो.

आणि आता तिसरी, जिच्यावरून तुमच्या आया भांडतायत. हौद सगळ्यांसाठी होते का? हा प्रश्न पोरांनी विचारायलाच हवा, आणि नाही विचारला तर तू विचार. ज्यांना अस्पृश्य म्हणायचे त्यांना या सार्वजनिक पाण्याला हात लावायची सोय नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. तो फुलेवाडा गंज पेठेत आहे, म्हणजे आताची महात्मा फुले पेठ, मंडईपासून पोरांच्या चालीनेही फार लांब नाही. एका सकाळी पेशव्यांचा हौद आणि जोतीरावांचा हौद दोन्ही बघून होतं. तेव्हा त्या दोघींना माझ्यातर्फे सांग की सहल पेशव्यांची पण नाही आणि फुल्यांची पण नाही, पाण्याची आहे, आणि पाणी ज्या ज्या दारात गेलं आणि ज्या दारात गेलं नाही तिथं तिथं आपण जाणार. आठ किलोमीटर दगडी नळ आणणारी हुशारी आणि त्याच नळाच्या शेवटी कुणाला तरी ताटकळत ठेवणारी पद्धत, या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत, ७ वर्षांच्या पोरीलाही हे कळतं, खरं तर आपल्यापेक्षा लवकर कळतं कारण "त्यांना का नाही दिलं?" हा तिचा रोजचाच प्रश्न असतो. मोठ्यांना त्यातलं एकच दाखवायची घाई असते. यावर मला व्हॉट्सॲपवर लांबलचक उत्तरं येणार हे माहितीय, येऊ देत.

आता तुझ्या मुलाच्या "फेक" बद्दल. त्याला ओरडली नाहीस ना? कारण अख्ख्या २२ जणांत इतिहासाचं काम एकट्या त्याने केलं! लाल महालाची आत्ताची इमारत महापालिकेने गेल्या शतकात उभारलेली आहे, मूळ वाडा केव्हाच गेला, आणि शाहिस्तेखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा. मग आपल्याला तो छापा घडला हे कळतं कशावरून, इमारत नाही तर काय उरलंय, पत्रं, बखरी, परदेशी लोकांच्या नोंदी, आणि त्या सगळ्यांत एकच सांगितलंय का? एवढा एक प्रश्न घेऊन त्याला सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ बाहेरून तरी दाखव, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी सुरू केलेली संस्था, तिथं जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचे ढीग सांभाळलेत. ११ वर्षांच्या मुलाला मोडी म्हणजे सिक्रेट कोड वाटते. आधी त्याला मोडीत स्वतःचं नाव लिहायला शिकव, मग बघ. मोडीचे वर्ग पुण्यात अधूनमधून होत असतात, चौकशी कर, पोरापेक्षा बाप जास्त रमतात असा माझा अनुभव.

शनिवारवाड्याला परत जा, पण सहा महिन्यांनी, आणि एकच प्रश्न घेऊन जा, काय जळलं आणि काय उरलं? वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकडी काम गेलं. म्हणून आज तट आहे, दरवाजे आहेत, जोती आहेत, कारंज्याचा हौद आहे आणि मधे हिरवळ. पोरांना सांग नुसत्या जोत्यांवरून चाला आणि खोली कुठली कुठे संपते ते ओळखा, पायऱ्या कुठे जात असतील ते सांगा. तेव्हा पकडापकडी खेळले तरी चालेल, वाड्याचा नकाशा पायांनी पाठ होतो. दिल्ली दरवाजाचे खिळे बघा, ते कुणाच्या कपाळाच्या उंचीवर आहेत? हत्तीच्या. हे मात्र उत्तर आधी फोडू नकोस प्लीज. आणि त्या हजारी कारंज्यालाही पाणी लागायचंच ना, मग ते यायचं कुठून हे तोवर तुझी पोरं गाईडला सांगतील.

धाकटीच्या भुताचं काय करायचं? नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला तिथं झाला हे खरं आहे, लपवू नकोस, पण भूत काढून टाक आणि वय सांग, १८ वर्षांचा मुलगा होता तो. ७ वर्षांच्या मुलीला तिच्या ओळखीतला १८ वर्षांचा दादा आठवतो आणि भीतीच्या जागी वाईट वाटतं, ते बरं. गाईडांची चूक म्हणावी का नाही माहीत नाही, लोकांना तेच हवं असतं, आम्हालाही एकदा एक असाच भेटला होता, दीड तासात सव्वा तास भूत आणि मस्तानी. तेव्हापासून मी गाईड घेतला तर आधी फोनवर बोलून घेते, मुलं किती वर्षांची, आमचा प्रश्न काय, आणि "ध चा मा" तुम्ही आख्यायिका म्हणून सांगणार का घडलेली गोष्ट म्हणून? यावर समोरचा काय बोलतो त्यावरून माणूस कळतो.

पाण्याचा कंटाळा आला तर दुसरे धागे आहेतच. भाजीचा घे, मंडई व्हायच्या आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा, मग १८८६ साली ही दगडी मंडई झाली आणि तिला नाव होतं रे मार्केट, गव्हर्नरचं. गंमत म्हणजे नगरपालिकेत असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. आवाजाचा घे, कसबा पेठेत तांबट आळीत जा, आधी पोरांना डोळे मिटून उभं कर आणि हातोड्याचे ठोके ऐकू देत, मग भांड्यावर मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, कसा काढतात ते बघू देत. पण तिथं माणसं काम करत असतात हे लक्षात ठेव, आठ पोरं दारात उभी करून फोटो काढत बसायचं नाही, आधी विचारायचं, आणि जमलं तर एखादं तांब्याचं भांडं विकत घ्यायचं.

आणि एक जागा मी कुठल्याही धाग्याशिवाय सांगते कारण मला राहवत नाही, सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ. १७५४ ला बांधायला घेतलं, १७७० ला गणपतीची स्थापना झाली. बाहेरच्या दगडी भिंतीवर एवढं कोरीव काम आहे की पोरांना फक्त म्हणायचं, इथं एक गेंडा आहे, शोधा. पुण्यात गेंडा?! सापडतो, साखळदंडाने बांधलेला, आणि बांधणारे गोरे शिपाई. १७५७ ला प्लासीची लढाई झाली, इंग्रज बंगालमधे घुसले, आणि पुण्यात कुणालातरी ती बातमी दगडात कोरावीशी वाटली, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. आत एक लेख फारसीत पण आहे, गणपतीच्या देवळात. तासभर त्या एका भिंतीसमोर बसलात तरी कमी आहे. देऊळ आहे तेव्हा चपला, आवाज, पूजेची वेळ सांभाळा.

केळकर म्युझियमला (पूर्ण नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय) जाल तेव्हा सगळं बघायचा हट्ट धरू नका. वीसेक हजार वस्तू जमवल्या होत्या दिनकर केळकरांनी, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच आहेत तरी पोरं दुसऱ्या मजल्यापर्यंत गळतात. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर अर्धा तास बसून ती काढायची, पेन्सिलने, फोटो नाही. माझ्या लेकीने अडकित्ता काढला होता आणि घरी येऊन आजीला विचारलं हे काय आहे, तर आजीने फडताळातून स्वतःचाच काढून दाखवला. नावातला तो राजा म्हणजे कुठला राजा असंही पोरं विचारतात, तर तो केळकरांचा लहानपणी गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीसाठी हे नाव. एवढं सांगितलं की पोरं जरा वेळ गप्प होतात.

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगते. २२ माणसं फार झाली, दोन गट करा, एका वेळी सात-आठ मुलं आणि तीन मोठे, बाकीच्या आया गप्पाच मारतात (मी पण मारायचे). आठवड्याच्या मधल्या वारी जा ना, सगळी पोरं शाळेत असतात तेव्हा, होमस्कूलिंगचा एवढा तरी फायदा घ्या! सकाळी लवकर निघा, साडेदहाला संपवा, त्यानंतर पेठांत ट्रॅफिक आणि ऊन दोन्ही असह्य. जिथं जाणार तिथली वेळ आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. बाथरूम कुठाय हे इतिहासाच्या आधी शोधून ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, म्हणून वयाचा पुरावा जवळ ठेवा. वर्कशीट नको, कोरी वही दे. वयानुसार वेगळ्या सहली पण नकोत, ७ वाली गेंडा शोधेल आणि ११ वाला त्याची तारीख, जागा तीच. मोठी पोरं तयार झाली की लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी, पण ते थंडीत.

एक विसरलेच, "शाळेच्या बरोबरीने होतंय का" ही धाकधूक तुझ्या पत्रात न लिहिताही दिसतेय. राज्याच्या चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मधे शिवाजी महाराजांचा इतिहासच आहे, ते पुस्तक घरात ठेव, वाचू दे, आणि पुढे परीक्षा द्यायची झाली तर एनआयओएस (केंद्राची मुक्त शाळा) किंवा राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. सहलीला त्या ओझ्याखाली ढकलू नकोस.

राहिल्या सासूबाई. तू त्यांना अडचणीच्या यादीत टाकलंयस आणि मी पत्र वाचताना वहीच्या कडेला वजाबाकी करत होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नारायण पेठेत पाणी शिरलं. ७४ वर्षांची बाई तेव्हा किती वर्षांची असेल? नऊ-दहा, म्हणजे जवळपास तुझ्या मुलाएवढी! अगं, तुझ्या पाण्याच्या धाग्याचा शेवटचा भाग तुझ्या स्वयंपाकघरात रोज चहा पितोय आणि तू गाईडला पैसे देतेस. पूर ओसरल्यावर नळ बंद होते तेव्हा वाड्यातली माणसं प्यायला पाणी कुठून आणत होती, विहिरीचं, हौदाचं, टँकरचं, हे त्यांनाच विचारायला हवं. त्यांच्या ओळखीचं कोण पुरानंतर गोखलेनगरला राहायला गेलं तेही विचारा.

तेव्हा कात्रजच्याही आधीची सहल ही, नारायण पेठ, आणि गाईड सासूबाई. रिक्षाने न्या, फार चालवू नका, सोबत पाणी आणि एक घडीची खुर्ची घ्या. वाडा गेला असेल, तिथं बिल्डिंग असेल, असू दे, त्या हाताने दाखवतील दिंडी दरवाजा इथं, आड तिथं, पाणी इथपर्यंत. मुलाच्या हातात फोनचं रेकॉर्डिंग चालू करून दे आणि तू मधे अजिबात बोलू नकोस. पहिला प्रश्न धाकटीला विचारू दे, आजी, तू पळताना घरातून काय उचललं होतंस?